वाळवंटातलं हरीण आणि रोह्याचे पोपट

सहा आठवडे होत आले. पेणच्या बाजारात भाजी घेत असताना रोह्याहून सुमनचा फोन आला. सुमन म्हणजे रिबकाबाईंची शेजारीण. "बाई, या लवकर. सकाळी उठल्याच नायत त्या..." पिशवी तिथंच ठेवून मी स्टेशन गाठलं.

रोह्याच्या एकाच शाळेत रिबकाबाई आणि मी सव्वीस वर्षं शिकवलं. मी मराठी, त्या जीवशास्त्र. त्या ज्यू. पण बोलणं, रागावणं, हसणं सगळं आमच्याच मराठीत. त्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या गावांत राहिले आणि मग एकेक घर इस्रायलला गेलं. धाकटा भाऊ शालोमही गेला. तिकडे वाळवंटाच्या कडेला, कुंपणात राखलेल्या पांढऱ्या हरणांना चारा घालायचं काम त्याला मिळालं. त्यानं पाठवलेला फोटो बाईंनी नववीच्या वर्गात फिरवला होता. पीळदार शिंगं, पसरट खूर. "हे खूर वाळूत रुतत नाहीत," त्या सांगत होत्या. "पाण्यावाचून हे महिनोन्‌महिने राहतं. पण जोरात पळता येत नाय. गाडीतून पाठलाग करून माणसांनी मारलं, आता रानात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. आणि आपला पोपट बघा. पेरू खातो, मिरची खातो, भाताच्या लोंब्या ओरबाडतो. झाड नसलं तर भिंतीच्या भोकात संसार मांडतो."

"मग बाई, हुशार कोण?" एका मुलीनं विचारलं.

"हुशारीचा प्रश्न नाय गो. एकाला कुठंही जगता येतं, एकाला एकाच जागी."

निवृत्तीनंतर मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची. एकदा शालोमचा फोन आला, बाईंनी स्पीकर लावला. "बाय, इथंपण आपल्यासारखे पोपट झालेत! शहरभर कलकलाट. पोपटांना जमलं, तुलाच तेवढं जमत नाय?" बाई हसल्या. आईवडिलांच्या कबरींवरचं गवत दर पावसाळ्यानंतर त्या स्वतः काढायच्या. ते सोडून त्या जाणार नव्हत्या, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्यांनीच विचारलं, "तुझ्या हरणांना परत रानात सोडणार का रे?"

"सोडायला रान कुठाय, बाय?"



बाई गेल्या त्याच दिवशी दफन व्हायचं होतं, त्यांची तशी रीत. शालोमला पोचणं शक्यच नव्हतं. मुंबईहून चौघं आले, अलिबागकडून दोघं. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच मला सांगितलं, "आमची शेवटची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. आम्ही सहाच आहोत." आमच्या शाळेचे वीसेक जण मागे उभे होते. पीटीचे सर पुढे झाले. "आम्ही उभे राहिलो तर?"

"आभारी आहे हो," ते म्हणाले. "पण आमचेच लागतात."

त्यांनी पुस्तकातून दुसरं काही वाचलं. ती प्रार्थना राहिली. शालोमला दिसावं म्हणून मी फोन समोर धरून उभी होते. डोक्यावर टोपी घालून तो सगळं ऐकत होता. मध्येच त्याचा आवाज आला, "काका... मला धरून सात झाले ना?"

काकांनी पुस्तक मिटलं आणि खाली वाकून मूठभर माती उचलली.