वाईनला न चालणारा रस्सा

मंडळी, आज दुपारी लीड्सला मित्राकडे जेवायला गेलो होतो. साहेब दोन शनिवारांचा वाईन कोर्स करून आलेत, त्यामुळे आता त्यांच्याशी साधं बोलता येत नाही.

त्याने फ्रेंच व्हाइट वाईन उघडली. "सोविन्यों आणि सेमियों, दोन द्राक्षांचं ब्लेंड आहे. सोबत फक्त ग्रिल्ड मासा आणि गोट चीज!"

मुंबईहून आलेल्या त्याच्या आईने सकाळभर खपून कोळंबीचा रस्सा केला होता. तो मात्र किचनमध्येच झाकलेला. "आई, तुझ्या तिखटाने वाईन मरते गं."

"मग बाटली बदल की," काकू म्हणाल्या.

तो आम्हा सगळ्या पाहुण्यांना ग्लास हुंगायला लावू लागला. काकू ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मी ताट घेऊन मागोमाग गेलो. "काकू, मला रस्सा वाढा." पाच मिनिटांत बाकीचेही रांगेत. साहेब टेबलाशी बाटलीला कंपनी देत बसले.

आईचं जेवण पाहुण्यांपासून लपवायला कुठल्या कोर्समध्ये शिकवतात हो?