भुलाबाईपुढे अडलेला लॅपटॉप

माझी नणंद अमरावतीची, ती अकोल्याला दिली. मी अकोल्याची, अमरावतीला आले. तिच्या गल्लीत कोजागिरीला भुलाबाईची मूर्ती मांडून पोरी गाणी म्हणतात; ओळ सांगायची नणंदेनंच आणि पोरींनी ती मागून ओढायची, असा दंडक. पुढे तिची नजर अधू झाली. आठवण आधीपासूनच तिसऱ्या कडव्याला रुसून बसायची, पण तेवढ्यापुरतं पुस्तकात डोकावून भागायचं. तेही गेलं. एका वर्षी ती मधेच अडली आणि गल्लीतल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली, "औंदा जमलं तं जमलं व वहिनी, नाहीतं भुलाबाई मांडणंच बंद."

मी तेव्हा साठीतली, नुकतीच निवृत्त, आणि अंगात लिनक्स संचारलेलं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी उबंटू नावाचं लिनक्स, त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला होता मी. पडद्यावर गाण्याची एकच ओळ, अक्षरं भाकरीएवढी. बटण दाबलं की पुढची ओळ. बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, तो पेनड्राइव्हवर घेतला, पेनड्राइव्ह बटव्यात टाकला आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. स्वतःचा लॅपटॉप सोबत न्यावा, हे काही सुचलं नाही. "बाई, तुमच्या घरी लॅपटॉप हायेच की," असं फोनवर ऐटीत सांगून मोकळी!

लॅपटॉप होता. तिच्या मुलानं पुण्याला जाण्याआधी त्यावर फेडोराची एक हलकी आवृत्ती टाकून ठेवली होती. मी म्हटलं, फेडोरा काय, उबंटू काय, दोन्ही लिनक्सच. प्रोग्रॅम उघडला, तर जीटीके नाही म्हणून अडला. जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं, अक्षरं दाखवायचं तयार सामान. ते घरात नसलं की माझ्यासारख्यांचे प्रोग्रॅम उभेच राहत नाहीत. उबंटूवर असं सामान आणून देणारा कारभारी म्हणजे अ‍ॅप्ट; मी बाह्या सरसावून त्याची पाठ केलेली आज्ञा ठोकली. अ‍ॅप्ट इथं नव्हतंच. इथला कारभारी डीएनएफ, एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हणून फक्त कारभारी बदलला आणि पुढचं सगळं तसंच लिहिलं. उत्तर आलं, या नावाचं काही नाही. पुन्हा लिहिलं. मग जोरात बटणं दाबून लिहिलं.

"काय करून राहिली व?" नणंदेनं विचारलं. अंगणात भुलाबाई सजली होती, पोरी जमायला लागल्या होत्या.

"होतेच आता, बाई."

"मघापासून होतेच होतेच करून राहिली. नसन जमत तं सांग. मी डोकं दुखते म्हणून झोपून जातो."

तेवढ्यात समोरच्या काकू खिरापतीचा डबा घेऊन आल्या. माझ्या माहेरच्या ओळखीतल्या. मला बघून त्यांनी माझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारली. एका पोरीनं विचारलं, "हे कोण?"

"ते नाव इथं कोणाले माहीत हाय व काकू?" नणंद म्हणाली. "आमच्या घरात तिचं नाव दुसरं."

आणि माझी ट्यूब पेटली. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून त्या नावानं हाका मारत राहिल्या, आणि नवी नवरी खाटेवर बसून विचार करत होती, ही कोण मुलगी इतकी बहिरी? शेवटी नणंदेनंच खांदा हलवला, "तुलेच बलावून राहिली माय."

तीच बया आता फेडोराच्या दारात उभी राहून जीटीकेला उबंटूकडच्या नावानं हाका मारत होती. तिकडे त्याच्यापुढे लिब, मागे आकडे, मधे रेघा. इथं शोधून पाहिलं तर नुसतंच सुटसुटीत जीटीके४. त्या नावानं बोलावलं, ते निमूट आलं. (पुढे भाचीकडे तिसरंच लिनक्स भेटलं, तेव्हा पदर खोचण्याआधी मी विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात?")

प्रोग्रॅम उघडला. नणंद पडद्याशी नाक नेऊन बसली, मग हळूहळू मागे सरकली, भिंतीला टेकली. तिथूनही दिसत होतं. तिनं पहिलं गाणं सुरू केलं, पोरींनी ओढलं. तिसरं कडवं आलं. मी बटण दाबलं. ती वाचून म्हणाली, अडली नाही. काकूंनी डबा खाली ठेवून टाळ्यांचा ठेका धरला.

चौथ्या गाण्याला मात्र ती थांबली.

"वहिनी, ते यंत्र माह्याकडं फिरव व," नणंद म्हणाली. "पोरी माह्याकडं पाहूनच नाही राहिल्या, त्याच्यातच वाचून राहिल्या."

मी लॅपटॉपची पाठ पोरींकडे केली. नणंदेनं पदर सावरला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.