ठेवू नका हं

पुण्यातल्या माणसाला थांबवणं ही साधी गोष्ट नाही. तो सिग्नलला थांबत नाही, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबत नाही, लग्नाला गेला तर मंगलाष्टकं संपायच्या आत जेवणाच्या हॉलकडे सरकायला लागतो. अशा गावाला वर्षानुवर्षं, दररोज, कान धरून थांबवून ठेवणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनबाई. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. एका बँकेच्या मुख्य कचेरीत त्यांनी जवळजवळ तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. मग कॉम्प्युटर आले, फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि बँकेने बाईंना स्वेच्छानिवृत्ती दिली. "माझी स्वेच्छासुद्धा त्यांनीच ठरवली हो," असं त्या सांगत. जाता जाता यंत्र बसवणाऱ्यांनी त्यांना एका बंद खोलीत नेऊन चार वाक्यं बोलून घेतली. नमस्कार, आपण रांगेत आहात, कृपया थांबा, फोन ठेवू नका. बाई तीस वर्षांच्या सवयीने म्हणून गेल्या, "फोन ठेवू नका हं." ते 'हं' कापायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे त्याच लोकांनी तेच रेकॉर्डिंग यंत्राबरोबर एका गॅस एजन्सीला दिलं, एका इस्पितळाला दिलं, एका विमा कंपनीला दिलं. बाईंना कुणी विचारलंदेखील नाही.

मी कर्वेनगरच्या त्या सोसायटीत राहायला गेलो ते भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी सातला दिवे गेले की आमचा जिना विहिरीसारखा व्हायचा. एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपडत मी चढत होतो. त्याच दिवशी सकाळी गॅससाठी पाऊण तास फोन धरून बसलो होतो, त्यामुळे तो आवाज अजून कानात होता. आणि काळोखातून, माझ्या अगदी कानापाशी, तोच आवाज आला, "थांबा. पुढे सायकल आहे." पिशवी हातातून निसटली. "कोण... कोण आपण?" मी कसंबसं विचारलं. "मी वरची. तुम्ही खालचे, नवीन आलात ते. डावी चप्पल बदला, झिजलीये. आणि दूध सांडलंय, घसराल." मग काठीची टकटक माझ्या शेजारून खाली निघून गेली. कुणीतरी गेलं एवढं जाणवलं, दिसलं मात्र काही नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी "अहो खालचे" झालो, आणि शेवटपर्यंत तोच राहिलो. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

मी पाटबंधारे खात्यातला कारकून, अक्षर बरं, हे त्यांनी माझ्या बायकोकडून काढून घेतलं होतं. "रविवारी सातला या, फॉर्म भरायचेत," असा निरोप आला. गेलो. दार उघडं आणि आत मिट्ट काळोख. बाहेर दिवे होते, भारनियमन नव्हतं, तरी आत काळोख. "बसा," आवाज म्हणाला. मी खुर्ची शोधून बसलो. दिवा लावा म्हणावं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून अंधारातच हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. पाच-सात मिनिटं मी बोलत होतो, आणि कोपऱ्यातून कुणीतरी खोकलं. मग उजवीकडून कुणीतरी सुस्कारा टाकला. माझ्या मागे, अगदी मानेजवळ, बांगड्या वाजल्या. मी ओरडायचाच बाकी होतो. खोलीत नऊ माणसं बसली होती! सगळी माझ्यासारखीच, भिडेपोटी गप्प. पुढे आमच्या चौकातला टेलिफोन बूथवाला मला म्हणाला, "काका, मी दोन वर्षं येतोय अंधारात. बटणाचं कुणी बोलायचं हाच प्रश्न होता." शेवटी मीच धीर करून बोललो, तर बाई चकित झाल्या. "अय्या, तुम्हाला दिवा लागतो होय? मग सांगायचं नाही का तसं? तुमची अडचण मला कशी कळणार?" तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला त्या दारातच विचारत, "आपल्याला दिवा लागतो का? संकोच करू नका. असतं एकेकाचं."

आवाजावरून त्यांना जे कळे, त्याने मात्र सोसायटी धास्तावली होती. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना त्यांनी नुसतं "सुप्रभात" ऐकून सांगितलं की छाती दाखवून घ्या, आवाजात पाणी आहे. ते हसले आणि पंधरा दिवसांनी इस्पितळात दाखल झाले. झालं. काही लोक त्यांच्या समोर बोलेनासे झाले. जिन्यात काठी वाजली की धडधाकट माणसं श्वास रोखून भिंतीला चिकटून उभी राहत, आणि बाई जाता जाता म्हणत, "श्वास सोडा, जोशी." उलट काही बायका नवरात्रात त्यांच्या पाया पडायला यायला लागल्या. बाईंना या दोन्हींचा सारखाच संताप होता. "मी अपशकुन नाही आणि देवीही नाही. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले. तुम्ही बसला असतात तर तुम्हालाही कळलं असतं." चपलेच्या दुकानात एकदा दुकानदाराने मला विचारलं, "बाईंना कुठला नंबर लागतो?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पाय माझे आहेत. त्यांचे पाय हवे असतील तर त्यांना विचारा."

त्या अंधारातल्या मंडळींचं काम होतं विम्याचं. धुणंभांडी करणाऱ्या बायका, वॉचमन, एक भाजीवाली, कुबड्यांवर चालणारा बूथवाला, खुर्च्या विणणारे दोन अंध भाऊ, ऐकू न येणारा एक शिंपी. एकट्याने आरोग्य विमा घ्यायचा तर हप्ता परवडत नाही, सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी घेतली तर परवडतो, हा बाईंचा हिशेब. बँकेतून निघाल्यावर त्यांच्याही डोक्यावरचं विम्याचं छत्र गेलंच होतं. मी फॉर्म भरले, कंपनीकडे दिले. कंपनीचं उत्तर आलं की बाकी सगळे चालतील, पण बूथवाला, दोघे भाऊ, शिंपी आणि स्वतः बाई यांची नावं काढा. कारण, कायमचा आजार. मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "लिहा त्यांना, मी आजारी नाही, आंधळी आहे. आजारी पडायचा मला इतरांइतकाच हक्क आहे."

पत्रं जात राहिली, महिने जात राहिले. पुढच्या बैठकीत आमच्याकडे भांडी घासणाऱ्या सुमनबाई रडकुंडीला आल्या. त्यांच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं. "ताई, बाकीच्यांचं तरी होऊन जाऊ द्या की. आमच्या ह्यांचं लई दुखतंय. तुमचं मागनं बघता येईल." सुमनबाई चुकीचं बोलत नव्हत्या, आणि ते बाईंनाही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "सुमन, मागून बघू असं मी तीस वर्षं लोकांना सांगत आले. मागून कुणी बघत नाही गं. एक महिना दे मला. नाही झालं तर आमची नावं मी माझ्या तोंडाने काढते."

मग सकाळी दहाला बाईंचे विमा कंपनीला फोन सुरू झाले. एकदा मी सही घ्यायला वर गेलो आणि दारातच थबकलो. आत दोन बायका बोलत होत्या. दोघींचा आवाज एकच. एक म्हणे, "आपण रांगेत आहात." दुसरी म्हणे, "माहितेय. कालपासून आहे." पहिली, "कृपया थांबा." दुसरी, "थांबलेच आहे, बाई, तू आधी तुझ्या साहेबाला उठव." पहिली, "फोन ठेवू नका हं." आणि दुसरी एकदम मऊ होऊन, "नाही गं ठेवत." फोन स्पीकरवर होता; यातली आमची बाई कुठली आणि यंत्र कुठलं, नुसत्या आवाजावरून मला कळेना. सही न घेताच मी खाली आलो.

महिना संपायला आला तेव्हा आम्ही कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेची नवी इमारत, दारात अकरा पायऱ्या. बूथवाला आपल्या तीनचाकीवर खालीच अडकला; आमच्या जिन्याला निदान कठडा होता, इथे धरायला काहीच नव्हतं. वर एका टाय लावलेल्या तरुणाने बाईंकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडमना काय हवंय?" मला चपलांचं दुकान आठवलं. पण बाई या वेळी रागावल्या नाहीत. त्यांनी मान जरा वर केली, एक श्वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून तो दुसरा आवाज आला. यंत्रातला. सपाट, कुणाचाच नसलेला. "नमस्कार. आपण रांगेत आहात. कृपया थांबा." मोठ्या हॉलमधलं बोलणं एकेक करून बंद पडलं. हेडफोन लावलेल्या एका मुलीने छताकडे पाहिलं. दुसरीने कानावरचं यंत्र काढून हातात धरलं आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली. "फोन ठेवू नका हं," बाई म्हणाल्या, आणि तो तरुण आपोआप उभा राहिला. मग त्या आपल्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, "इतकी वर्षं तुमच्या कंपनीला माझा आवाज चालतो. मी चालत नाही?" तो आत जाऊन साहेबांना घेऊन आला. "आता खाली चला. आमचे एक सभासद तुमच्या पायऱ्यांमुळे वर येऊ शकत नाहीत. बैठक खाली होईल." आणि खरोखर, कंपनीचे तीन साहेब फुटपाथवर, बूथवाल्याच्या तीनचाकीभोवती उभे राहून बोलले.

पुढच्याच महिन्यात पत्र आलं. सगळ्यांची नावं मंजूर. त्या संध्याकाळी बाईंच्या घरी झाडून सगळे दिवे लावले होते. मी यादी मोठ्याने वाचली. बूथवाल्याचं नाव आलं, भावांची आली, शिंप्याला त्याचं बूथवाल्याने खुणेने सांगितलं. यादी संपली. मी पुन्हा वरून बोट फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं. "काय झालं, खालचे?" बाईंनी विचारलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्रवेशाच्या वेळी वय साठ पूर्ण झालेलं नसावं. बाईंना साठ पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. मला वाचवेना, पण वाचलं. मग बाईच हसल्या. "बघा, मी रांगेत थांबले आणि रांगच संपली." आणि म्हणाल्या, "आता यादी पुन्हा वाचा. सावकाश. मला प्रत्येकाच्या आवाजात 'हजर' ऐकायचंय." सुमनबाईंना ते म्हणवेना. हुंदक्यातून कसंबसं निघालेलं त्यांचं 'हजर' बाईंनी मान हलवून मान्य केलं.

सुमनबाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं. बाईंचे दहाचे फोन चालूच राहिले, आता वयाच्या अटीसाठी. मी दारात उभा राहून ऐकायचो. आणि एक दिवस लक्षात आलं की आता मला दोघी वेगळ्या ओळखता येतात. एक आवाज होता तसाच होता. दुसरा बारीक होत चालला होता, वाक्याच्या शेवटी फाटत होता. साऱ्या सोसायटीचा आवाज ज्या बाईंनी ऐकला, त्यांचा आवाज ऐकणारं कुणी नव्हतं. मी ऐकला आणि गप्प राहिलो. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घसा बसलाय. तपासण्या कुठे करू, त्या परवडायला हव्यात ना. आधी ती अट जाऊ दे." मी हट्ट धरायला हवा होता. दिव्याचं बोललो तसं बोलायला हवं होतं. त्या गेल्या तेव्हा सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात जिन्यापर्यंत माणसं उभी होती. वॉर्डबॉय विचारत होता, नातेवाईक कोण, आणि कुणीच मागे सरत नव्हतं.

वर्षभराने सुमनबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "काल ताईंना फोन लागला हुता." माझ्या हातातला कप तसाच राहिला. नवऱ्याच्या औषधांच्या कागदांसाठी त्यांनी कंपनीला फोन केला होता. "अर्धा तास धरून बसले. पोरीचं लगीन ठरलं ते बी सांगितलं." मी हळूच म्हटलं, "अहो सुमनबाई, ते यंत्र आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो. "ठावं हाय मला. मी काय येडी हाय का? पण ताई म्हनल्या ठेवू नका, मग कसा ठेवायचा?"

पुढे मीही कधीतरी, काही काम नसताना, संध्याकाळी तो नंबर लावायचो. बायको समोर आली की गॅसचं निमित्त सांगायचो. मध्ये एकदा लावला तर आवाज दुसराच होता. स्वच्छ, तरतरीत, मराठीसाठी दोन दाबा म्हणणारा. मी दोन दाबलं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा." वाक्य संपलं. मी वाट पाहत राहिलो. ते वाक्य पुन्हा आलं, तिसऱ्यांदा आलं, पुढे 'हं' काही आलं नाही. मग मी फोन ठेवून दिला. खोलीत केव्हाच काळोख झाला होता, आणि दिवा लावायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.