रेग्युलेटरचा नैवेद्य

मोतीराम तापीतून वर आला, काठावर बसला आणि लाल थुंकला.

"लोही छे!" आमचे शेठ ओरडले. रक्ताच्या नुसत्या नावानेही त्यांना घेरी यायची. या वेळी नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. ते मटकन खाली बसले.

मोतीरामच्या तोंडात होता तो रेग्युलेटर दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच उघडून, साफ करून जोडला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत एका छोट्या डायव्हिंग कंत्राटदाराकडे मी मेंटेनन्स पाहायचो. नदीतून पाणी उचलणाऱ्या कारखान्यांच्या जाळ्यांत पावसाळ्यानंतर कचरा अडकतो. तो काढायला आमचा डायव्हर खाली उतरायचा. डायव्हर म्हणजे सुरतेतल्याच डिंडोलीचा मोतीराम. मूळचा खानदेशातला. घरचे सगळे कापडाच्या लूमवर, हा एकटाच पाण्यात.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाने भरलेली असते. रेग्युलेटर तो दाब कमी करतो आणि माणसाने श्वास ओढला की हवी तेवढी हवा तोंडात देतो. सोडलेला श्वास बाहेर जायला त्याला एक झडप असते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रबराची पातळ चकती, बस. श्वास बाहेर जातो, पाणी आत येत नाही. चकती नीट बसली नाही तर मात्र पाणी आत येतं आणि हवेऐवजी माणूस नदी ओढतो.

"छातीत दुखतंय का रे?" मी विचारलं.

"काहीच नही दुखस," मोतीराम म्हणाला. "पन हवा गोड लागनी, भाऊ. मंग तोंडमा पानीच उनं."

गोड? कॉम्प्रेसर बिघडला की हवेला तेलाचा वास येतो. रबर नवीन असेल तर रबराची चव लागते. गोड हवा मी जन्मात ऐकली नव्हती.

तोवर शेठ सावरले होते. "जोशीभाई, डिझाइन ज खोटी छे! बधा पाछा मोकली दो!"

म्हणजे सगळे रेग्युलेटर मुंबईच्या डीलरकडे परत, ऐन हंगामात काम बंद आणि माझ्या हाताला कायमचा बट्टा. त्यात मोतीरामने जाहीर केलं, "मी आते नही उतरस." त्याला तरी कोणत्या तोंडाने समजावणार?

"शेठ, परत पाठवण्याआधी उघडून तर बघू."

"उघाडो. पण मारी सामे."

तिथेच कापड अंथरून मी झाकण काढलं. आतला पडदा ठीक. लिव्हर ठीक. कोपऱ्यात काहीतरी चिकट लागलं, ते बोटाने पुसलं. मग एक्झॉस्टची चकती उचलली. तिच्याखाली तांदळाचा एक अख्खा दाणा अडकला होता. लालभडक.

शेठनी वाकून पाहिलं. "आ तो चोखा छे!"

मी बोटावरचा चिकट कण हुंगला. वेलदोडा. आता सगळा उलगडा झाला. दसऱ्याला वर्कशॉपमध्ये आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. मी पाने-पकडी आणि कॉम्प्रेसर पुजला. स्वतःचा रेग्युलेटर मोतीरामने स्वतः पुजला होता.

"मोतीराम, अक्षता कुठे वाहिल्यास?"

तो लाजला. "तोंडमा. कुंकू लाईसन. आनि पेढा बी."

"तोंडात? अरे, का?"

"तेले तोंड शे ना, भाऊ. मंग नैवेद्य तोंडमाच द्यावा लागस."

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वाळू, चिखल, मीठ, सगळ्यांबद्दल सूचना होत्या. पेढ्याबद्दल एक ओळ नव्हती.

शेठ आधी हसले, मग भडकले, मग पुन्हा हसले. मला मात्र हसू यायला वेळ लागला. मोतीराम खोल पाण्यात असताना पाणी आत आलं असतं तर? त्याने उतरण्याआधी फक्त रेग्युलेटरचं बटण दाबून फुस्स आवाज ऐकला होता. त्याने हवा येते एवढंच कळतं. पाणी येणार नाही हे कळायला सिलिंडर बंद ठेवून तोंडाने जोरात ओढून पाहावं लागतं. काहीच आलं नाही, तर झडप घट्ट.

मी रेग्युलेटर धुतला, जोडला आणि मोतीरामपुढे धरला. त्याने हात मागे घेतले.

"पयले तुम्ही, भाऊ."

मी ओढलं. काही आलं नाही. मग त्याने ओढलं. मग खूप वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उतरला.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम झाले. पूजा आधी, सर्व्हिसिंग नंतर. आणि रोज उतरण्याआधी मोतीराम रेग्युलेटर माझ्या तोंडाशी धरायचा. त्या टेस्टला मॅन्युअलमध्ये लांबलचक इंग्रजी नाव आहे. शेठ मात्र काठावरून एवढंच विचारायचे, "जोशीभाई, नैवेद्य थई गयो?"

मी हो म्हटल्याशिवाय मोतीराम पाण्यात पाय घालत नसे.