दोन टूल, एक बांधी

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. प्रोग्रामला मुद्दाम मोडकंतोडकं इनपुट चारत राहायचं आणि तो कुठे कोलमडतो ते पाहायचं, याला फझिंग म्हणतात. ते काम करणारं एक टूल मी लिहिलं होतं. माझी पीएच.डी. त्यावरच उभी राहायची होती.

तेवढ्यात माझ्याच एका विद्यार्थिनीने एम.टेक.साठी दुसरं टूल लिहिलं. गडचिरोलीकडच्या धानाच्या गावातली मुलगी, बोलायची कमी. तिचं टूल माझ्यापेक्षा सरस ठरलं तरच प्रबंध मंजूर होणार होता, आणि तुलना करणार कोण, तर मी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते असं.

माझं टूल मी यूपीएस असलेल्या नव्या मशीनवर लावलं. तिचं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. लोडशेडिंगमध्ये ते बंद पडायचं आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सुरुवातीला द्यायच्या नमुना फाइली मी स्वतःसाठी वर्षभर निवडून ठेवल्या होत्या. तिला एक रिकामी फाइल दिली. दोन्ही टूल एकेकदाच चालवली, प्रोग्राम किती वेळा पडला तेवढं मोजलं आणि तक्ता केला. त्यात ती सपशेल हरली.

तक्ता पाहून ती म्हणाली, “सर, दोन धान पारखाचे असन त एकाच बांधीत रोवा लागते. तुमचं पाण्याच्या तोंडाशी रोवलं, माहं टेकडीवर.”

बांधी म्हणजे त्यांच्याकडचं भातखाचर. मशीन एकच घ्या, फाइली त्याच, वेळ तेवढाच, आणि दोन्ही दहा-दहा वेळा चालवा, असं तिचं म्हणणं होतं. शिवाय एकाच खड्ड्यात दहादा पडलं म्हणून खड्डे दहा होत नाहीत, तो एकच मोजा. मी हसलो. शेतीचं इथे सांगू नकोस म्हणालो. प्रबंध नामंजूर झाला.

ती गावी गेल्यावर, तिची जिरवायची म्हणूनच, मी सगळं तिच्या अटींवर पुन्हा चालवलं. त्यात काही आठवडे गेले. माझ्या टूलने पाडलेला प्रोग्राम दर वेळी एकाच चुकीवर पडत होता. तिच्या टूलने वेगवेगळ्या चुका शोधल्या, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत शोधल्या. विभागप्रमुखांना एक चिठ्ठी लिहिली असती तर तिचा निकाल फिरला असता. पण तोच तक्ता माझ्या पीएच.डी.त होता. मी लिहिली नाही. त्याची लाज मला आजही वाटते, आणि माझ्या लाजेने तिचं काही भलं झालेलं नाही.

धानाचं रोवणं आटोपल्यावर ती आपली कागदपत्रं न्यायला आली. निघताना दारात थांबून तिने विचारलं, “सर, पुन्हा चालवून पाह्यलं का?”

“पाहिलं,” मी म्हणालो. “तेच आलं.”

“मंग माहंच चुकलं असन,” ती म्हणाली, आणि संशय घेतल्याबद्दल माझी माफी मागून गेली.