धुनीपुढं कबूल केलेलं

“समजा बाई, येखाद्यानं धुनीपुढं येऊन कायतरी कबूल केलं,” महाराज म्हणाले, “तर ते आमाला सांगावं लागतंय का?”

माझं ऑफिस पूर्णा कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आहे. तिथे येणारे निम्मे पक्षकार ‘समजा’पासूनच सुरू करतात. समजा एखाद्यानं बांध कोरला, समजा एखाद्यानं दुसरं लग्न केलं. महाराज आले होते मठाच्या ट्रस्टच्या कागदांसाठी. ते काम केव्हाच उरकलं होतं, पण ते काही उठेनात. चहा झाला, परत चहा झाला आणि मग हे निघालं.

त्यांचा मठ ताडकळसच्या अलीकडच्या एका खेड्यात आहे. दर गुरुवारी तिथल्या धुनीपुढे, म्हणजे कायम पेटत्या ठेवलेल्या विस्तवापुढे, माणसं बसतात. खोबऱ्याची वाटी आत टाकतात आणि मनात सलत असेल ते महाराजांना सांगतात. कुणी भावाला फसवलेलं असतं, कुणी सासूला नको ते बोललेलं असतं. तिथं सांगितलेलं बाहेर जात नाही, असा नियम आहे. महाराज एरवी लय बोलके, त्यांचं प्रवचन वेळेत संपलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण हा नियम ते कडक पाळतात. आमचं घर बौद्ध, त्यामुळे मठात माझं जाणं ट्रस्टच्या कामापुरतंच. पण माझे वडील आणि महाराज जुने दोस्त. म्हणून मी त्यांची थट्टा केली तरी ते मनावर घेत नाहीत.

मी त्यांना सांगितलं, की वकिलाला सांगितलेलं गुपित कायदा जपतो, नवरा-बायकोतलंही बऱ्यापैकी जपतो. पण महाराज असोत, भंते, फादर की मौलवी, आपल्याकडे त्यांना ती सवलत नाही.

महाराजांना ते लागलं. म्हणाले, “म्हंजे तुमचं ते गुपित, आन आमची काय चावडी हाय का?” मी म्हटलं, तुमचा मालक वर बसलाय, तुम्हाला कायद्याची काय गरज? ते हसले, पण हसू काही टिकलं नाही. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. विचारलं, त्या कबुलीत लेकराबाळाचं काही आहे का? त्यांनी मानेनंच हो म्हटलं. मी थट्टा तिथेच थांबवली आणि दार लावून घेतलं.

मग एकेक निघालं. मठात संध्याकाळी मुलांचा भजनाचा वर्ग असतो. शिकवणारे पेटीमास्तर महाराजांचे जुने शिष्य. मागच्या गुरुवारी ते धुनीपुढे ढसाढसा रडले. वर्गातल्या एका मुलीशी आपण नको ते वागलो, असं कबूल केलं. महाराजांनी त्यांना झापलं, प्रायश्चित्त दिलं आणि विषय आपल्यापाशी ठेवला. आज सकाळी त्याच मुलीची आई तिला घेऊन मठात आली. पोरगी जेवत नाही, वर्गाचं नाव काढलं की रडते, बाहेरचं काही झालंय का बघा, म्हणून अंगारा मागायला. महाराजांनी अंगारा लावला.

“तोंडापतुर आलं व्हतं बाई,” ते म्हणाले. “पन बोललो न्हाई.”

मी त्यांना पॉक्सो समजावला. अठरा वर्षांखालच्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाला, तर त्यासाठीचा हा कायदा. ज्याला अशी गोष्ट कळली त्यानं पोलिसांना कळवायचंच. मग तो मास्तर असो, डॉक्टर असो की महाराज. न कळवणं हाच वेगळा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि करणारा आपल्याच संस्थेतला, आपल्या हाताखालचा असेल, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. म्हटलं, तुमचा तेवढा मान कायद्यानं ठेवलाय.

“जेलाचं भ्या न्हाई मला,” महाराज म्हणाले. “पन त्यो मानूस भरवशानं बोलला. धुनीशी बेइमानी कशी करू? उद्या कोन येऊन बोलंल माज्यापुढं?”

प्रश्न खरा होता. माझंही पोट त्याच भरवशावर चालतं. मी विचारलं, की प्रायश्चित्त काय दिलंत?

“म्हैनाभर मठातच ऱ्हायचं. घरी जायचं न्हाई. झाडलोट करायची, पानी भरायचं, धुनीला लाकडं घालायची.”

“आणि वर्ग?”

“वर्ग चालू हाय. ती बी सेवाच की.”

माझं डोकंच फिरलं. ज्याच्यापासून लेकरं लांब ठेवायची, त्यालाच यांनी लेकरांच्या जागेत मुक्कामाला ठेवलं होतं! वर त्याला सेवा म्हणायचं. मी विचारलं, आज वर्ग किती वाजता? ते पाच म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. ती आई अंगारा घेऊन गेली होती. आता बरं वाटेल म्हणून पोरीला आज वर्गाला पाठवणार होती.

त्यांनी माझ्यासमोरच मठात फोन लावला. आज वर्ग बंद, आलेली पोरं घरला धाडा, म्हणाले. मग मी स्कूटी काढली. महाराज बाईमाणसाच्या मागे गाडीवर बसत नाहीत. म्हटलं, एक नियम मोडायला निघालाच आहात, हाही मोडा. ते दोन्ही हातांनी मागची दांडी पकडून बसले आणि ठाणं येईपर्यंत नामस्मरण करत राहिले. माझ्या गाडी चालवण्यामुळे असेल.

ठाण्यात महाराजांनी पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. एवढं थोडक्यात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. महिला फौजदार साध्या कपड्यांत मुलीच्या घरी गेल्या. अशा लेकराला ठाण्यात बोलवत नाहीत, त्याचा जबाब घरीच, आईला जवळ बसवून घेतात. पोरगी बोलली. संध्याकाळच्या आत मास्तरांना मठातून उचललं. खटला परभणीला चालू आहे. कळवायला उशीर केला म्हणून ठाण्याच्या साहेबांनी महाराजांना चांगलं सुनावलं, पण स्वतःहून आले म्हणून आरोपी न करता साक्षीदार केलं.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की तुमचं समदं धुनीत जळंल, पण लेकराचं असेल तर मी सरळ ठाण्यात जाणार. काही गुरुवार गर्दी रोडावली, मग पुन्हा भरली. सासूला बोलणारे लोक काही कमी झालेले नाहीत.

खटल्याच्या कामासाठी मुलीची आई एकदा माझ्या ऑफिसात आली, तेव्हा महाराज तिथेच होते. तिनं त्यांना विचारलं, “तुमाला कवा कळलं व्हतं?”

“आदल्या गुरुवारी.”

“म्हंजे मी अंगाऱ्याला आले तवा ठावं व्हतं?”

“व्हतं माय.”

ती पदर सावरून उठली आणि निघून गेली. तेव्हापासून तिनं मठाची पायरी चढलेली नाही. महाराज अजून दर गुरुवारी तिची वाट बघतात, आणि मला विचारतात, यावर कायद्यात काही तोड आहे का. मी नाही म्हणून सांगते.