मावशीचा राग आणि शेजारची तार

आमच्या मोठ्या मावशीइतका राग अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या अंगात असेल, असं मला वाटत नाही. केळापूरकडच्या उन्हाला लोक नावं ठेवतात, पण ते बिचारं निदान संध्याकाळी उतरतं. मावशी सकाळी उठते ती मोबाइलवरचा हवामानाचा मेसेज वाचून तो पाठवणाऱ्याला शिव्या देत; मात्र तो वाचल्याशिवाय फवारणीच्या पंपाला हात लावत नाही. मावसे गेले तेव्हापासून शेती तीच पाहते. कपाशीला ठिबक आहे, वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाट्या पेटवून न देता ती यंत्राने त्यांचा चुरा करून मातीत मिसळते, आणि जो पेटवतो त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून आग विझेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करते. एकदा ट्रॅक्टरवाला म्हणाला, धुऱ्यावरचं मोहाचं झाड काढून टाका, वळायला जागा पुरत नाही. मावशी म्हणाली, "झाड तुह्या आज्याच्या आधीपासून उभं हाय. तू वळनं शिक." तो शिकला. आता तो इतका छान वळतो की लोक दुसऱ्या गावाहून त्याला बोलावतात, आणि याचंही श्रेय तो मावशीला देत नाही म्हणून ती त्याच्यावर रागावलेली असते.

मागे माझा एक पुण्याचा मित्र शहराला कंटाळून तिच्याकडे राहायला आला. माणूस सज्जन होता, पण आल्या दिवसापासून त्याने गावाला निसर्गाकडे परत जायचा उपदेश सुरू केला. वीज नको, मोटर नको, आपले पूर्वज किती सुखी होते, वगैरे. मिक्सरचा आवाज ऐकून तो इतका कळवळला, की मावशीने कोपऱ्यातलं जातं पुसून त्याच्यापुढे ठेवलं, ज्वारी ओतली आणि फक्त "दळ" म्हणाली. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले. मावशीने त्यावर खोबरेल तेल लावलं आणि लावता लावता बोलली, "माह्या सासूच्या हाताले जन्मभर घट्टे होते. तिनं कधी निसर्गाचं नाव घेतलं नाई. तिले झोप पाह्यजे होती." मित्र दुसऱ्या दिवशी परत गेला. मावशी त्याच्यावरही बरेच दिवस चिडलेली होती, कारण त्याला दळण अर्धं टाकून जायचं काही कारण नव्हतं.

तिच्या शेताला लागून तिच्या चुलत दिराचं शेत आहे. दोघांकडे एकेकच बैल. नांगरणी ट्रॅक्टरने होई, पण डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, दोघांचे बैल एका जुवाखाली येत. मावशीचा पवळ्या अंगाने थोराड आणि स्वभावाने मालकिणीवर गेलेला.

रानडुकरांचा त्रास दोघांनाही होता. मावशीने शेताभोवतीच्या तारेला झटका मशीन बसवली. सौर बॅटरीवर चालते ती. जनावराला चटका बसतो, ते पळतं, पण मरत नाही. दिराने मात्र गेल्या वर्षी लाइनवर आकडा टाकून सरळ जिवंत करंट तारेत सोडला. मावशी त्याच्या दारात जाऊन ओरडली. तो म्हणाला, माझी तूर गेली तेव्हा कोणी आलं होतं का? हे सगळ्या गावाला माहीत होतं. सरपंचाला माहीत होतं, लाइनमनला माहीत होतं, आणि सगळे "पाहू" म्हणत होते. त्या "पाहू"चा मला आजही संताप येतो.

एका सकाळी पवळ्या दावं तोडून दिराच्या शेताकडे गेला. तिथे त्याचा जोडीदार बांधलेला असे. पवळ्या वाटेतल्या तारेलाच चिकटून मेला.

फोन आल्याबरोबर मी पोचलो. धुऱ्यावर गाव जमलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बैल पाहायला कमी आणि मावशीचा राग पाहायला जास्त आलं होतं. दीर खाली मान घालून बसला होता.  मावशीने आकडा काढायला लावला, पवळ्याच्या मानेवरून हात फिरवला, मग घराकडे न जाता स्वतःच्या शेतात गेली, झटका मशीन खोलून आणली आणि दिराच्या पुढ्यात ठेवली.

"हे लाव," ती म्हणाली. "आज बैल मेला. उद्या कोनाचं पोरगं मरन."

त्या हंगामात मावशीची निम्मी तूर डुकरांनी खाल्ली. मला राहवलं नाही. दिराची पोलिसात तक्रार करायची सोडून त्यालाच मशीन काहून दिली, असं मी विचारलं. ती माझ्यावरच उखडली. "तक्रार करून त्याचे डुकरं थांबले असते का? तूर तर गेलीच होती ना त्याची. त्याचा राग खोटा नव्हता. तार खोटी होती."

यंदा दोघांनी मिळून दुसरी मशीन घेतली आहे आणि दोन्ही शेतांभोवती एकच तार फिरते. दीर रोज सकाळी बॅटरी तपासून तिला फोन करतो. ती त्याचं ऐकून घेते आणि एक शब्दही वाकडा न बोलता फोन ठेवते. गावाला हे बरं वाटतं. मला तितकंसं वाटत नाही.

परवा गेलो तेव्हा संध्याकाळी आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. नाल्याच्या अंगाने डुकरांचा कळप तारेला वळसा घालून पलीकडच्या झुडपात गेला. मी सहज म्हटलं, मावशे, डवरणीसाठी एखादा बैल घे आता. चांगली शिवी येईल म्हणून मी तयारीतच होतो.

"नाई रे," ती हळूच म्हणाली. "मी ओरडली का सारे गप बसतेत. तो एकटाच शिंग उगारून माह्याशी भांडे."